टिळकवाडीचा रस्ता, गावची पाणंद आणि एकच बाबागाडी

मावशी, नमस्कार. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. आम्ही बेळगावला टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सासर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. डांबरी रस्ता सोडला की घरापर्यंत पाऊण किलोमीटर पाणंद आहे. पंधरा दिवसांतून एकदा तिकडे जाणं होतंच. आमच्याकडे जुनी अल्टो आहे, पण पावसाळ्यात ती डांबरी रस्त्यावरच ठेवावी लागते. बाबागाडी एकच घ्यायची आहे, पंधरा हजारांच्या आत. ह्यांना मोबाइलवर बघितलेली तीन चाकांची मोठी गाडी आवडली आहे. दुकानदार म्हणाले, छत्रीसारखी मिटणारी हलकी घ्या, सगळे तीच नेतात. सासूबाई म्हणतात, गाडी कशाला, आम्ही चार पोरं कडेवर वाढवली. माझं सिझेरियन झालंय. काय करू?
एक वाचक, टिळकवाडी

तुझं पत्र दोनदा वाचलं. सिझेरियनचं वाक्य तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी तिथूनच सुरू करते.

सिझेरियननंतर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको, असं डॉक्टर सांगतात. तुझे ते सहा आठवडे झाले, पण पोटातली ताकद काही कॅलेंडर बघून परत येत नाही. कच्च्या रस्त्यावर टिकणारी बाबागाडी दहा ते तेरा किलोची असते. एका हातावर पाच किलोचं बाळ, दुसऱ्या हातात ती गाडी, खांद्याला दुपट्यांची पिशवी आणि समोर दोन मजले. हे तू रोज करायचं नाहीस, कधीतरी एकदा म्हणूनही करायचं नाहीस. त्यामुळे गाडी कोणती घ्यायची याच्या आधी ती राहणार कुठे ते ठरव. जिन्याखाली जागा असेल तर घरमालकांना विचार. भिंतीला एक कडी मारून घेतली आणि सायकलचं साखळी-कुलूप लावलं की झालं. गाडी खालीच राहिली तर तिच्या वजनाचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो आणि हलकी गाडीच शोधायचं कारण उरत नाही. मालक नाहीच म्हणाले, तर सकाळी खाली उतरवणं आणि संध्याकाळी वर नेणं हे ह्यांचं काम, असं घरात आत्ताच बोलून घे. गाडी आल्यावर बोलू म्हणशील तर ते काम तुझ्याच गळ्यात पडेल.

आता दुकानदारांचं. हलकी गाडी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी काढली ती ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने, १९६५ साली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. विमानाचे पाय जसे मिटून आत जातात तशी मिटणारी, अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम तीन किलोची गाडी त्यांनी बनवली. विमानतळ, रेल्वे स्टेशन, गुळगुळीत फुटपाथ यांच्यासाठी ती चोख आहे. तिची चाकं पाच-सहा इंचांची असतात, कारण तिथं त्याहून मोठी लागतच नाहीत. तुला लागणार आहेत.

आमच्या नातीच्या वेळी मी तीच गाडी घेतली होती, दुकानात एका बोटाने फिरते म्हणून. माझ्या माहेरी बस थांब्यापासून घरापर्यंत रस्त्याचं काम काढलेलं होतं, नुसती खडी पसरून ठेवलेली. दहा पावलं गेले असेन. पुढची जोडचाकं आडवी फिरली आणि खडीत रुतली. मी आपल्या चालीने ढकलतच होते. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली, दांडी माझ्या पोटावर आपटली आणि नात पट्ट्यात अडकून पुढे झुकली. तिचं कपाळ खडीपासून वीतभर राहिलं होतं. पट्टा लावला होता म्हणून लागलं नाही. ती रडलीसुद्धा नाही, माझे मात्र हात घरी पोचेपर्यंत थरथरत होते. उरलेला रस्ता तिला कडेवर घेऊन, गाडी मिटून काखेत धरून चालले.

असं का होतं ते साधं आहे. पाच इंची चाकाचा मधला आस जमिनीपासून अडीच इंचावर असतो. समोर अडीच इंचाचा दगड आला की तो थेट आसाच्या उंचीला लागतो आणि चाकाला चढायला वाव राहत नाही, ते नुसतं आदळतं. बारा इंची चाकाचा आस सहा इंचावर, त्यामुळे तोच दगड त्याला खाली लागतो आणि चाक त्यावरून चढून जातं. बैलगाडीची चाकं एवढी मोठी का असतात हे तुझ्या सासऱ्यांना विचार, ते एका वाक्यात सांगतील. ज्या खड्ड्यात स्कूटर दणका देते तिथून मोटारसायकल जरा सुखाने जाते, हा अनुभव तर तुम्हा दोघांना असेलच.

म्हणून माझं मत सरळ आहे: गाडी तुझ्या सगळ्यात वाईट रस्त्याकडे बघून घे, टिळकवाडीकडे बघून नाही. पाणंदीवर चालणारी गाडी काँग्रेस रोडला चालतेच, उलटं होत नाही. आणि टिळकवाडी म्हणजे तरी सगळा गुळगुळीत रस्ता आहे का? दुसरं रेल्वे गेट ओलांडून बघ. रुळाला लागून जी फट असते तीत लहान चाक सहज जाऊन बसतं. गेट ओलांडताना कुठलीही गाडी असली तरी रुळांना काटकोनात ने, तिरकी नेऊ नकोस, आणि दांडी खाली दाबून पुढचं चाक अलगद उचलून घे. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फिरायला नेशील तर तिथंही मुळं आणि माती आहेच. गटारावरच्या फरश्या, गल्लीतले उंचसखल चिरे, घराचा उंबरा, हे सगळं चाकानेच सोसायचं.

तेव्हा ह्यांची निवड बरोबर दिशेने आहे, फक्त चार-पाच गोष्टी नीट बघायच्या.

मागची चाकं दहा ते बारा इंचांची हवीत, पुढचं आठ इंचांच्या खाली नको. पुढचं चाक शहरात मोकळं फिरणारं आणि गावात सरळ लॉक होणारं असावं. हे लॉक सगळ्यात महत्त्वाचं. माझी गाडी खडीत आडवी झाली ती चाक मोकळं होतं म्हणूनच. डांबरी रस्ता सोडलास की पहिलं काम ते लॉक लावायचं. तीन चाकं की चार, यावर मी फार डोकं शिणवणार नाही. तीन चाकांची खडबडीत रस्त्यावर सोपी जाते, वळतेही पटकन, पण आडव्या उतारावर, म्हणजे बांधाच्या कडेने वगैरे, ती कलंडायला सोपी. तिच्या मागच्या दोन चाकांतलं अंतर भरपूर असावं. आणि भरपूर असावं म्हणताना आधी आपल्या दाराची रुंदी मोजून ठेव. जुन्या घरांच्या सोप्याची दारं अरुंद असतात.

हवेचं चाक की भरीव फोमचं? ह्यात मात्र थोडं थांबून विचार कर. हवेचं चाक दणके गिळतं, पाणंदीवर बाळाची मान फार हलत नाही. पण तिकडे बाभळीचे काटे असतात, पंक्चर होणारच. फोमचं चाक पंक्चर होत नाही, पण कडक, आणि त्याच्या जोडीला चांगल्या स्प्रिंगा नसतील तर प्रत्येक खडा बाळाला कळतो. माझा कल हवेच्या चाकाकडे आहे, एका अटीवर: टायरवर छापलेलं माप वाच. पुष्कळ मोठ्या बाबागाड्यांना साडेबारा बाय सव्वादोन असं माप असतं आणि लहान मुलांच्या बारा इंची सायकलला तेच टायर लागतं. म्हणजे टायर-ट्यूब कुठल्याही सायकल दुकानात मिळेल, कंपनीला फोन करत बसायला नको. ट्यूब घेताना जुनी सोबत ने. काही बाबागाड्यांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह वाकडा असतो. सरळ व्हॉल्व्हची ट्यूब घातली तर तो आऱ्यांना अडतो आणि पंपाचं तोंड बसत नाही. हवा सायकलच्या हातपंपाने भर, टायरवर लिहिलेल्या आकड्याएवढीच. पेट्रोल पंपावर स्कूटरसारखी टणक भरलीस तर गाडी दगडावरून चेंडूसारखी उडेल आणि हवेच्या चाकाचा फायदाच गेला. मिळेल त्या गाडीचं माप विचित्र निघालं, सुटे भाग मिळण्याची खात्री नसली, तर मात्र मोठी फोमची चाकं आणि मागे स्प्रिंगा अशी घे. पंक्चर होऊन कोपऱ्यात पडलेल्या गाडीपेक्षा ती बरी.

पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा: दोन खांदे, दोन कमरेचे, एक पायांमधला. कमरेचाच पट्टा असलेली गाडी हातात घेऊ नकोस. दांडीला मनगटात अडकवायची दोरी असते, ती उतारावर अडकवायची. युरोपातल्या बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ नावाचं मानक आहे. ब्रेक, पट्टा आणि कलंडणं या गोष्टी त्यात तपासतात. गाडीवर तो उल्लेख असला तर चांगलंच.

आता जे कुठल्याच जाहिरातीत नसतं ते सांगते. तू गावी साडी नेसत असशील. गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी फार मागे आली असेल तर चालताना नडगी तिच्यावर आपटते आणि निऱ्या तिच्यात अडकतात. दुकानात जाताना साडी नेसून जा, किंवा निदान लांब कुर्ता-ओढणी, आणि नेहमीच्या चालीने वीस पावलं चालून बघ. ओढणीचं, पदराचं टोक आऱ्यांत जाणार नाही असं खोचून घ्यायची सवय लाव. दुसरं, ब्रेक. काही गाड्यांचा ब्रेक लावायला पायाने दाबायचा आणि काढायला पायाच्या बोटांनी वर उचलायचा असतो. बुटात हे सोपं. आपण चपला घालतो, पावसात बोटं ओली असतात, नख उचकटून निघतं. लावायलाही दाबायचा आणि काढायलाही दाबायचा, असाच ब्रेक बघ. आणि दांडीची उंची कमीजास्त होते का बघ, कारण ही गाडी तू एकटी ढकलणार नाहीस. ह्यांची उंची वेगळी, सासूबाईंची वेगळी. दांडी नीट उंचीला नसली की कंबर धरते.

दांडीला पिशव्या लावू नकोस. बाळ बसलेलं असतं तेव्हा तोल राहतो, त्याला उचललं की भाजीच्या वजनाने गाडी मागे पडते, आणि बाळ अजून आत असेल तर तेही डोक्यावर. सामान खालच्या टोपलीत. उन्हाळ्यात गाडीवर ओढणी किंवा टॉवेल टाकून सावली करायची पद्धत आहे, तीही नको. आतली हवा कोंडते आणि गाडी भट्टीसारखी तापते. टप मोठा असलेली गाडी घे आणि झाडाखालून चाल. ह्यांना गाडी ढकलत पळायची हौस असेल तर बाळ सहा महिन्यांचं होऊन मान-पाठ पक्की होईपर्यंत नाहीच, आणि त्यानंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

सासूबाईंचं म्हणणं मी बाजूला ठेवलेलं नाही. कडेवर घेणं चांगलंच असतं. मान धरल्यावर बाळ कडेवर बसतं तेव्हा त्याचे पाय फाकलेले आणि गुडघे वर असतात, खुब्याच्या सांध्यांना ते योग्यच आहे. पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्यापेक्षा कितीतरी बरं. त्यांनी चार मुलं वाढवली ती अशीच, आणि त्या पाणंदीवर भर पावसात चाक नव्हे, माणसाची कडच चालते. फरक एवढाच की त्यांच्या घरात तेव्हा कडेवर घ्यायला दहा जण होते. टिळकवाडीच्या दुसऱ्या मजल्यावर तू दिवसभर एकटी आहेस. हे त्यांना सांग, पण असं सांग: "आई, गावात आल्यावर ती तुमच्याकडेच असेल, गाडी मला तिकडे बाजारात जायला लागते." बाबागाडी त्यांच्या कडेच्या जागी येते आहे असं त्यांना वाटत असेल तर ते वाटणं आधी दूर कर.

आणि त्यांच्याच सल्ल्यातून माझा पुढचा सल्ला निघतो. आत्ता लगेच गाडी घेऊ नकोस. पाऊस सुरू होतोय. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तो कसा कोसळतो ते तुला मी काय सांगू? आता दसऱ्यापर्यंत तुमच्या पाणंदीत लाल चिखल असणार. कुठलीही गाडी, वीस हजारांची असली तरी, त्या चिखलात चार पावलांवर थांबते. चाक आणि टपाच्या बिजागऱ्यांत चिखल वाळून दगड होतो आणि ओली गादी बंद घरात बुरशीने काळी पडते. ह्या चार महिन्यांसाठी अंगाला बांधायची चांगली झोळी घे, गाडीच्या मानाने खर्च थोडा. बांधताना तीन गोष्टी बघ: बाळाचं तोंड तुला सतत दिसतंय, मान खाली वाकवली की त्याच्या टाळूची पापी घेता येते, आणि त्याची हनुवटी छातीला टेकलेली नाही. हनुवटी आणि छाती यांच्यात बोट जायला हवं. टाक्यांवर पट्टा घासत असेल तर वर बांध, आणि पहिल्यांदा बांधायच्या आधी तुझ्या डॉक्टरांना विचार.

दसऱ्याला तुझी लेक साडेसहा-सात महिन्यांची असेल, बसायला लागलेली. आज गाडी घेतलीस तर पाठ पूर्ण सपाट होणारीच घ्यावी लागेल, कारण मान न धरलेलं बाळ तिरक्या सीटवर घसरतं आणि श्वासाला अडथळा होतो. दसऱ्याला घेतलीस तर निवड वाढते. तरीही पाठ बऱ्यापैकी आडवी होणारी बघ, मुलं गाडीत झोपतातच. शिवाय जास्तीत जास्त किती वजन चालतं ते वाच. पंधरा किलोपर्यंत चालणारी असली तर तीन वर्षांची होईपर्यंत कामी येईल.

पैशांचं. पंधरा हजारांत नवी, हवेच्या मोठ्या चाकांची, नावाजलेली गाडी मिळणं अवघड जाईल. मला विचारशील तर वापरलेली बघ. पुण्याला, गोव्याला नात्यातलं कोणी असेल, त्यांचं मूल चालायला लागलं असेल, आणि गाडी बाल्कनीत धूळ खात असेल. अशा गाड्या फार वापरलेल्या नसतात. घेताना सांगाडा मिटायच्या सांध्यांत तडा आहे का, पट्ट्याचं बक्कल टक असा आवाज करून बसतं का, ब्रेक लावून ढकलल्यावर दोन्ही चाकं खरंच अडतात का, एवढं बघ. टायरला चिरा असल्या तरी चालेल, तो बदलता येतो. मोडलेला सांधा मात्र सोडून दे.

खडेबाजारातल्या दुकानात गेलीस तर सोबत पाच किलो तांदळाची पिशवी ने. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान फिरते. पिशवी पट्ट्यात बांध आणि दुकानाच्या पायरीवरून खाली-वर करून बघ. पायरी चढताना उलटी वळ आणि मागची मोठी चाकं आधी वर ओढ. चिखल, वाळू, उंबरा, सगळीकडे हीच रीत: ढकलून जात नसेल तर पाठमोरी होऊन ओढायची. मग पिशवी कडेवर घे आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटव. मिटली नाही, तर पाऊस आल्यावर बाळ घेऊनही मिटणार नाही. चाकं बटण दाबून निघतात का तेही बघ. अल्टोची डिकी लहान, चाकं काढल्याशिवाय मोठी गाडी तिच्यात बसायची नाही. डिकीचं तोंड टेपने मोजून आकडा कागदावर लिहून ने. आणि अल्टोत बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसत असशील तर ते आजपासून बंद कर. मागे बस, आणि बाबागाडीनंतरचा पहिला खर्च कारसीटचा धर.

गाडी घेतल्यावर गावाहून आलं की चाकं काढून धू, पुसून वाळव, आसावर सिलिकॉनचा स्प्रे मार. खोबरेल किंवा ग्रीस नको, त्याला लाल माती चिकटते आणि पुढचं चाक फिरेनासं होतं.

ह्या रविवारी जिन्याखालची जागा मोज. लांबी, रुंदी आणि पावसाचं पाणी तिथपर्यंत येतं का. मालकांशी बोलणं झालं की मला परत लिही, दसऱ्याच्या आधी गाडीचं नाव ठरवायला मी आहेच.